खोडलेली चिठ्ठी

नाना,

गेल्या मंगळवारी मी एका पेशंटच्या हातातून त्याचा मोबाईल काढून घेतला. पेशंट टेबलावर उघड्या अंगाने आडवा, छातीवर सहा चकत्या चिकटवलेल्या, हातापायांना चिमटे, आणि मी त्याचा फोन घेऊन सरळ दाराबाहेर. तुम्ही असता तर तिथल्या तिथे माझा कान पिरगाळला असता. पेशंटच्या वस्तूला हात लावायचा नाही, त्याच्या नातेवाइकाशी आपण होऊन बोलायचं नाही, डॉक्टरच्या आधी तोंड उघडायचं नाही. तुमचे हे सगळे नियम मी एका मिनिटात मोडले. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून आज दुपारी गर्दी ओसरल्यावर मशीनशेजारी बसून हे लिहायला घेतलंय. मी धुळ्यात एका हृदयरोगाच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढायचं काम करतो. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी परदेशात डॉक्टर होत होतो. निदान तुम्हाला तरी तसं वाटत होतं.

इथे दिवसाला तीस-चाळीस छात्या माझ्या हाताखालून जातात. साक्रीकडचे, शिरपूरकडचे, शहरातले मोमीन मोहल्ल्यातले कारागीर, सगळे. जेल लावलं की म्हणतात, "थंड शे रे भो!" मग मशीनमधून कागद बाहेर यायला लागला की मान उचलून त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, "काय निंघनं?" मी म्हणतो, "डॉक्टर सांगतील." पट्टी मला वाचता येते, नाना. बऱ्यापैकी येते. पण सांगायचं नसतं. फाडायची, घडी घालायची, आत नेऊन ठेवायची. म्हणजे एवढा समुद्रापलीकडे जाऊन मी फिरून तुमच्याच कंपाउंडरच्या स्टुलावर येऊन बसलो. त्याचं मला वाईट वाटत नाही, खरंच नाही. वाईट ज्याचं वाटतं ते तेरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

दोंडाईच्याचा तो दवाखाना मला वासासकट आठवतो. आत स्पिरिटचा वास, बाहेर रस्त्याने मिरचीच्या गाड्या. मिरचीचा हंगाम आला की अर्धं गाव खोकत आत यायचं, आणि तुम्ही स्वतः खोकत खोकत त्यांना खोकल्याचं औषध द्यायचात. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचात, कात्रीने कडेला दाते पाडलेली, एक दाता म्हणजे एक डोस. मी शाळेतून आलो की ते दाते कापायला बसायचो आणि माझे नेहमी वाकडे यायचे. तुम्ही म्हणायचात, "असं कापशी तर पेशंट दोन दिनमा बाटली खाली करी टाकी." गाव तुम्हाला कंपाउंडर नाना म्हणायचं. डॉक्टरसाहेब तर सगळ्यांदेखत म्हणायचे, यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. माणूस पायरी चढतानाच तुम्ही ओळखायचात, याला ताप आहे की याची साखर वाढलीय की हा नुसताच बायकोशी भांडून आलाय. पण साहेबांच्या आधी कधी बोलला नाहीत.

एकदा मी विचारलं होतं, साहेबांनी चुकीचं औषध लिहिलं असं वाटलं तर? तुम्ही म्हणालात, बाटली घेऊन आत जायचं आणि विचारायचं, साहेब, हेच ना? ते म्हणाले हेच, तर हेच. मी म्हटलं, आणि तरी वाटलं तर? तुम्ही हसलात. "मंग आपलं वाटनं आपला घर लई जावानं." वाटणं घरी घेऊन जायचं, हा मला तेव्हा मोठा विनोद वाटला होता. शाळेत पोरांना सांगितला होता मी तो.

साहेबांची एक गोष्ट मात्र तुम्ही सणावाराला सांगावी तशी परत परत सांगायचात. एखादा पेशंट आवाक्यातला नसला की ते खुर्चीत मागे टेकायचे आणि म्हणायचे, "हे मला समजत नाही. धुळ्याला न्या." मग तुम्ही चिठ्ठी लिहायचात. नाव, वय, तक्रार आणि शेवटी 'पट्टी काढणे'. अक्षर तुमचं, सही साहेबांची. दीड तासाचा रस्ता, पण त्या चिठ्ठीने किती माणसं जगली कोण जाणे. तुम्ही म्हणायचात, "ज्याले 'माले समजत नही' म्हणता येस, तोच खरा डॉक्टर." हे वाक्य मी पाठ केलं होतं. पाठांतरात मी कधीच कमी नव्हतो, तेच तर माझं दुखणं.

तो दिवसही आठवत असेल तुम्हाला. मी चौथीत. साहेब जेवायला घरी गेलेले, तुम्ही मागे सुया उकळत होतात, आणि मी त्यांच्या खुर्चीत चढून बसलो, कानात त्यांचं यंत्र. बाहेरच्या बाकावरचा एक म्हातारा बाबा काय समजला देव जाणे, उठून आत आला आणि सदरा वर करून उभा राहिला. नजर अधू असेल त्याची. मी गंभीर चेहरा करून यंत्र त्याच्या छातीला लावलं, मान हलवली आणि म्हणालो, "काही नाही. बरं वाटेल." बाबा हात जोडून निघून गेला. तुम्ही बाहेर आलात, बाक रिकामा बघितलात, मला विचारलंत आणि अनवाणी बाजारात पळत सुटलात. त्याला शोधून, धरून परत आणलंत. मला वाटलं आता खुर्चीवर बसल्याबद्दल मार बसणार. तुम्ही हातही लावला नाहीत. दाराच्या बाजूला नेलंत, उकिडवे बसलात, माझ्या डोळ्यांत बघून म्हणालात, "खुर्चीवर बसना त्यानं काय नही. पन तुले काय माहीत व्हतं त्याले सांगाले? तो बिचारा तुनावर इस्वास ठेईसन घर चालना गया ना!" मी रडलो. तुम्ही पाणी दिलंत. मग आपण दोघांनी मिळून बाटल्यांचे दाते कापले.

बारावीनंतर इथे मेडिकलला नंबर लागला नाही. डॉक्टर व्हायचा हट्ट तुमचा नव्हता, माझाच होता. नाशिकच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये एजंटचा मेळावा होता, तिथे आपण दोघं गेलो होतो. पडद्यावर बर्फ, काचेची इमारत, पांढऱ्या कोटातली हसरी मुलं. शिक्षण इंग्रजीत, मेस भारतीय, परत आलात की एक परीक्षा दिली की झालात डॉक्टर, असं तो माणूस सांगत होता आणि समोशांच्या बशा फिरत होत्या. तुम्ही हात वर करून एकच प्रश्न विचारला होतात. "साहेब, तिथले पेशंट कोणत्या भाषेत बोलतात?" हॉलमध्ये लोक हसले. एजंटही हसला. म्हणाला, काका, आजार सगळीकडे सारखाच असतो. मला तुमची इतकी लाज वाटली होती नाना, की बसमध्ये मी तुमच्याशी दोंडाईच्यापर्यंत बोललो नाही. त्या सगळ्या हॉलमध्ये अकलेचा प्रश्न तेवढा एकच होता, हे कळायला मला अडीच वर्षं लागली.

मग निघण्याच्या आदल्या दिवशी मित्रांनी स्टेशन रोडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. माझा कोट-टायमधला फोटो, आजूबाजूला गल्लीतल्या बावीस शुभेच्छुकांचे बारके फोटो आणि माझ्या नावाआधी टपोऱ्या अक्षरात 'डॉ.'. विमानात बसायच्या आधीच डॉक्टर! तुम्ही तो फ्लेक्स बघायला तीनदा गेलात, असं आई सांगते. घरी येऊन म्हणालात, 'डॉ.' पुसायला सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं नाहीत. रात्रीच्या गाडीला निघायच्या आधी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं स्टेथोस्कोप माझ्या बॅगेत ठेवलंत. धुळ्याला खास जाऊन आणलं होतंत. टॉवेलला टाचणीने चिठ्ठी लावली होती, पेशंटच्या चिठ्ठीसारखीच. 'जपून वापरणे.'

तिकडचं मी तुम्हाला फोनवर काय काय सांगितलं ते आता आठवलं की कानकोंडं होतं. कॉलेज मोठं आहे, सर लोक जीव लावून शिकवतात, दाल-चावल मिळतो. खरं असं होतं की उतरल्या उतरल्या नोंदणीसाठी म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले ते चार महिने परत दिले नाहीत. एका खोलीत आम्ही सहा जण, त्यातले दोघे आपल्याच बाजूचे, एक भुसावळचा. खासगी विद्यापीठ, मालक कोण ते कुणाला ठाऊक नाही. मुलं इतकी भरलेली की एका प्रेताभोवती चाळीस जण, मागच्यांना नुसत्या पुढच्यांच्या पाठी दिसायच्या. इंग्रजीत शिकवायचे ते असे, की मॅडम पडद्यावरचं वाचून दाखवायच्या, आम्ही उतरवून घ्यायचो. प्रश्न विचारला तर त्या आणखी एकदा तेच वाचायच्या. बिचाऱ्यांना तरी कुठे येत होतं? मी पाठांतरावर दोन वर्षं तरलो. मार्क चांगले पडले. तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत.

तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेलो आणि तुमचा प्रश्न माझ्यासमोर खाटेवर येऊन बसला. एक म्हातारी होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, आपल्या मावशीसारखी गोल तोंडाची. सरांनी मला म्हटलं, हिला काय होतंय ते विचार आणि लिही. मी घोकलेली दहा वाक्यं म्हणून दाखवली. तर ती बाई बोलायला लागली! भडाभडा बोलली. हात छातीवर नेला, पाठीवर नेला, मध्येच हसली, मध्येच डोळे पुसले. मला एक शब्द कळला असेल तर शपथ. पंधरा मुलं बघतायत, सर घड्याळ बघतायत. आणि मी काय केलं असेल? मान हलवली. हो हो, समजलं. मग बाहेर जाऊन पुस्तकातनं छातीच्या दुखण्याचं एक प्रकरण बघून तिची म्हणून हकीकत लिहून दिली. सरांनी सही केली. त्यांनीही वाचलं नसणार. पहिल्यांदा फार वाईट वाटलं. दहाव्यांदा काही वाटलं नाही. मान हलवायची सवय लागली नाना, आणि ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

पुढे विद्यापीठाने नियम काढला की तिथल्या भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय वॉर्डात पाय ठेवायचा नाही. नियम बरोबरच होता, पण तो प्रवेशाच्या वेळी सांगायचा होता. मी दोनदा नापास झालो. भुसावळचा पास झाला, कारण तो बाजारात भाजीवाल्यांशी गप्पा मारायचा आणि मी खोलीत बसून पुस्तकं पाठ करायचो. माझं नाव वर्षभरासाठी कमी झालं. होस्टेल सोडावं लागलं. घरी यायचं तर तो फ्लेक्स डोळ्यांसमोर. मी शहराबाहेरच्या फळांच्या गोदामात लागलो, सफरचंदांची खोकी रचायला. तुम्हाला सांगितलं, हॉस्पिटलात पोस्टिंग सुरू झालीय, फोन पटकन उचलता येणार नाही.

आणि तुम्ही मला फोनवर "हॅलो, डॉक्टर?" म्हणायला लागलात. आधी चेष्टेने, मग चेष्टा गळून पडली. गल्लीतले लोकही तुमच्या फोनवरून मला विचारायला लागले. समोरच्या काकूंचे गुडघे, रिक्षावाल्या चाचांची खाज, कुणाच्या नातवाचे जंत. मी खोक्यांच्या थप्पीआड उभा राहून ऐटीत सांगायचो. गुडघ्याला शेक, खाजेला मलम. बरं व्हायचं ते आपोआप व्हायचं आणि नाव माझं व्हायचं. तुम्ही शेजारी उभे राहून सगळं ऐकायचात, आणि ज्याला अशी पन्नास दुखणी तोंडपाठ होती तो माणूस मध्ये एक शब्द बोलायचा नाही. तोवर साहेब वारले होते. त्यांच्या जागी आलेले नवे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस सुरतेला असायचे. तुम्हाला नवे साहेब मिळाले होते, ते म्हणजे मी.

तो दिवस. नवे डॉक्टर सुरतेला. तुमचा फोन आला तेव्हा मी दुपारी जायचा माल गाडीत भरत होतो. तुमच्याकडे सकाळचं ऊन अंगणात आलं असेल. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, कामात शे का?" मी म्हटलं, वॉर्डात आहे नाना, पटकन बोला. तुम्ही म्हणालात, "छातीमा सकायपाईन दगड ठेयेल सारखं वाटी ऱ्हायनं. डावा खांदा बी भरी ऊना. तू काय सांगस?" नाना, हे वाक्य तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याला खुर्चीवरही बसू दिलं नसतंत, हाताला धरून बसमध्ये घातलं असतंत. मुकादम माझ्यावर ओरडत होता. मी विचारलं, काल काय खाल्लं? तुम्ही म्हणालात, शेवभाजी. तेवढं मला पुरलं. मग तुम्ही म्हणालात, "थांब. मी फोन छातीले लावस, तू ठोका आईक." थोड्या वेळाने तुमचा आवाज आला, "आईकं का?" मी म्हणालो, ऐकलं. ठोके व्यवस्थित आहेत. अ‍ॅसिडिटी आहे नाना, तिखट झालंय. गोळी घ्या आणि पडून राहा. तुम्ही म्हणालात, "अ‍ॅसिडिटीच ना?" मी म्हणालो, हो, अ‍ॅसिडिटीच. "बरं," तुम्ही म्हणालात. "तू जेवना का?"

तुम्ही बाटली घेऊन आत आला होतात, नाना. साहेब, हेच ना? आणि मी म्हणालो, हेच. ते मला तेव्हा कळलं नाही. अर्धी भाकरी खाऊन तुम्ही आडवे झालात, आणि चारच्या सुमारास आई चहाला उठवायला आली तेव्हा उठला नाहीत.

मी आलो तेव्हा तिसरा दिवस होऊन गेला होता. गल्लीतली माणसं मला मिठ्या मारून रडली. आईने तुमचा सदरा माझ्यापुढे ठेवला. खिशात पेन, चष्म्याचं घर आणि दवाखान्याच्या कागदावरची एक चिठ्ठी. तुमचं नाव. वय एकसष्ट. 'छातीत जडपणा, डावा खांदा दुखतो. पट्टी काढणे.' खाली सहीची जागा मोकळी, आणि सगळ्या मजकुरावर एक आडवी रेघ मारलेली. सरळ, फूटपट्टी ठेवून मारावी तशी. तुम्ही आधी चिठ्ठी लिहिलीत आणि मग मला फोन केलात. तुम्हाला माहीत होतं. फक्त सही पाहिजे होती. आईने विचारलं, "कोना पेशंटनी शे रे?" तुमचं नावही तिला वाचता येत नाही. मी म्हणालो, असेल कुणाची तरी.

याहून वाईट पुढचं आहे. दुखवट्याला आलेल्या कुणीतरी विचारलं, आता शिक्षणाचं कसं? मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, आता हा कसा जाईल परत, घरात कोण आहे? सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, सवयीप्रमाणे. तेव्हापासून गावाला हेच माहीत आहे की पोरगा डॉक्टर झालाच असता, बाप गेला म्हणून राहिलं. तुमच्या मरणामागे मी लपलो, नाना. तेरा वर्षं लपलोय. लग्नाच्या बैठकीतही हीच गोष्ट सांगितली गेली आणि समोरच्यांचे डोळे भरून आले. माझी बायको अजून कधी कधी म्हणते, तुमचं नशीबच खोटं. लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं, ही कीव गिळवत नाही.

तर मंगळवारचं. साक्रीकडचा एक शेतकरी आबा, जावई घेऊन आलेला. चकत्या लावून झाल्या तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि त्याने स्पीकर लावला. मला म्हणतो कसा, "मनी पोर शे. डॉक्टर शे ती, परदेसमा." मग तिला सगळं सांगितलं, छाती, खांदा, घाम. पलीकडून मुलीचा आवाज, "आबा, गॅसेस असतील. एवढ्यासाठी धुळ्याला कशाला गेलात? घरी जा." आबा लगेच चकत्या ओढायला लागला! "चाल रे पावना, पोर सांगस घर जा." जावई अडवतोय, आबा ऐकेना. पट्टी अजून निघायची होती. पण तिने बोलायच्या आधी जो एक क्षण घेतला होता ना, तो क्षण मला पाठ आहे. तो माझाच आहे. मी फोन घेतला आणि बाहेर गेलो. म्हटलं, ताई, कितव्या वर्षाला आहेस? ती म्हणाली, "काका, दुसऱ्या. दवाखाना अजून आतून बघितला पण नाही." मी म्हटलं, मग आबांना तसं सांग. "मला माहीत नाही," एवढं सांग. ती रडायला लागली. म्हणाली, कसं सांगू, ते सगळ्या गावाला सांगत फिरतात. मी म्हटलं, मला नको सांगू ते. आत्ता सांग, लगेच.

आत आलो, फोन आबाच्या कानाला लावला. तिने सांगितलं असावं, कारण आबा छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. मंग कोनले माहीत शे?" जावयाने माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, मलाही नाही आबा, आतल्या डॉक्टरांना आहे, झोपून राहा. तो चक्क हसला. "इथं कोनलेच काय माहीत नही का?" पण झोपून राहिला. पट्टी निघाली. मी घडी न घालता, पळत आत नेली. त्याला त्याच तासात दाखल केलं. काल तो वॉर्डात बसून डाळिंबाचे दाणे खात होता, मला बघून म्हणाला, "का भो, काही माहीत पडनं का?" मी जिन्याखाली जाऊन तोंड धुतलं.

त्या मंगळवारी संध्याकाळी घरी गेलो तर आई ओट्याशी भाकरी थापत होती. म्हटलं, आज हिला सांगायचं. ज्या पोरीला मी सांग म्हणालो ती विशीतली आहे, मी तर आता केस पिकायला आलोय. मी म्हणालो, "आई, नाना गेले ना, त्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन केला होता." ती भाकरी उलटत म्हणाली, "माहीत शे ना. तुनासंगे बोलनात, तवय त्यास्ले बरं वाटनं. हसत व्हतात. म्हनेत, मना डॉक्टरनी तपासं माले." मग तिने पदराने डोळे टिपले आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. मी जेवलो. काय करणार होतो? तिच्याकडे त्या दिवसाचं तेवढंच एक बरं आहे, आणि तेही माझं खोटं आहे. उद्या सांगेन असं मी म्हणत नाही. मी स्वतःला ओळखून आहे.

हे पत्र तुमच्या त्या चिठ्ठीला गुंडाळून कपाटात ठेवीन, स्टेथोस्कोपच्या टॉवेलात. ते मी कधी वापरलं नाही. जपून वापरणे म्हणाला होतात, मी नुसतंच जपलं. बाहेर दुपारचे पेशंट यायला लागलेत, म्हणून एक राहिलेलं लिहून टाकतो. तुम्ही फोन छातीला लावलात, ते वर लिहिलंय. त्यानंतर "ऐकलं" म्हणालो, तेही लिहिलंय. मधलं लिहिलं नाही. तुम्ही फोन छातीवर दाबून, श्वास रोखून उभे होतात तेव्हा मी माझा फोन सफरचंदांच्या खोक्यावर पालथा ठेवला होता आणि ट्रॉली ढकलत गोदामाच्या दुसऱ्या टोकाला गेलो होतो. माल गाडीत चढवून आलो, फोन उचलला, तर तुम्ही विचारत होतात, आईकं का? नाना, मी ऐकलंच नव्हतं.